ताटातून राष्ट्र कसे वाचावे : आधुनिक यहुदी खाद्यसंस्कृतीच्या अभ्यासकासाठी मार्गदर्शन

तेल अवीवला लागून असलेल्या रमत गान शहरात १९६० च्या दशकात 'साबिख' नावाचा पदार्थ गाडीवर मिळू लागला. पिता पावात तळलेली वांग्याची कापे, उकडलेले अंडे, तिळाची ताहिनी आणि वरून पिवळेधमक आंबट लोणचे, असे त्याचे रूप असते. या लोणच्याला हिब्रूत 'अंबा' म्हणतात आणि मराठी वाचकाला या शब्दाचा अर्थ विचारावा लागत नाही. कैरीचे, हळद व मेथी घातलेले हे लोणचे मुंबईशी व्यापार करणाऱ्या बगदादी यहुद्यांच्या वाटेने इराकात गेले, तेथे शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतिदिवसाच्या, सकाळच्या थंड न्याहारीत वांगे आणि अंड्याच्या सोबतीला बसले, आणि १९५०-५१ मध्ये इराक सोडून इस्रायलला गेलेल्या सुमारे १,२०,००० यहुद्यांबरोबर त्या देशात पोहोचले. आज परदेशी पर्यटकाला साबिख 'इस्रायली रस्त्यावरचे खाणे' म्हणून दाखवला जातो.

असा पदार्थ समोर आला की तो नेमका कोणाचा, हा प्रश्न पहिल्यांदा मनात येतो. अभ्यासाच्या आरंभी तो प्रश्न बाजूला ठेवावा, असे मी सुचवीन, कारण त्याचे उत्तर बहुधा वादात संपते आणि हाती फारसे काही लागत नाही. त्याऐवजी प्रत्येक पदार्थाला दुसरा प्रश्न विचारावा : हा पदार्थ खा, असे कोणी, कोणाला, कधी आणि कोणत्या गरजेपोटी सांगितले? आधुनिक यहुदी समाजात राष्ट्र ही कल्पना गेल्या सुमारे सव्वाशे वर्षांत घडत गेली आणि त्या घडणीचा मोठा भाग स्वयंपाकघरात, शिध्याच्या दुकानात आणि सैन्याच्या भटारखान्यात पार पडला. त्याचे पुरावे अजून ताटात आहेत. ते कसे शोधावेत, याची पद्धत पुढे मांडली आहे. खाद्यसंस्कृती, इतिहास किंवा समाजशास्त्र शिकणाऱ्यांना आणि अभ्यासमंडळ चालवणाऱ्यांना तिचा उपयोग व्हावा.

धर्म, समाज आणि राष्ट्र हे तीन थर आधी वेगळे करावेत

'यहुदी अन्न' हा शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि त्यांची सरमिसळ झाली की पुढचा सगळा विचार बिघडतो.

पहिला थर धर्मनियमांचा, म्हणजे कश्रुतचा. कोणते प्राणी खावेत, जनावर कसे कापावे, मांस आणि दूध एकत्र का करू नये, पेसाहच्या, म्हणजे मराठी बायबलमधल्या वल्हांडणाच्या, सणात खमीर घरात का ठेवू नये, हे नियम सर्व देशांतल्या यहुद्यांना सारखेच आहेत. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, ही आज्ञा तोरामध्ये, म्हणजे यहुदी धर्मग्रंथाच्या पहिल्या पाच पुस्तकांत, तीन वेळा येते आणि मांस व दुधाची भांडी वेगळी ठेवण्याची सारी व्यवस्था तिच्यावर उभी आहे. मात्र कश्रुत काय खाऊ नये एवढेच सांगते; काय खावे हे त्या त्या भूमीने ठरवले आहे. म्हणून केवळ कोशेर, म्हणजे कश्रुतला मान्य, असल्याने कोणताही पदार्थ राष्ट्रीय होत नाही.

दुसरा थर समाजांचा आहे. शब्बाथला विस्तव पेटवता येत नाही, म्हणून शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी मंद आचेवर ठेवलेले भांडे शनिवारी उघडायचे, ही गरज सगळ्यांची एकच होती. तिच्यातून पूर्व युरोपात चोलेंत निघाले, मोरोक्कोत दफिना, बगदादमध्ये भात आणि कोंबडीचा तबीत, तर येमेनमध्ये रात्रभर भाजला जाणारा जखनून. पोलंड आणि लिथुआनिया यांच्यातील यहुदी भरल्या माशात साखर घालावी की मिरी, यावरून एकमेकांना ओळखत असत. हा फरक समाजाचा झाला, धर्माचा नाही.

तिसरा थर राष्ट्राचा, आणि तो अगदी अलीकडचा आहे. एखादा पदार्थ 'आमच्या घरचा' किंवा 'आमच्या गावचा' न राहता 'आमच्या देशाचा' म्हटला जाऊ लागला, तो क्षण अभ्यासकाला पकडायचा असतो.

या तिन्ही थरांची परीक्षा घेण्यासाठी न्यूयॉर्क आणि तेल अवीव शेजारी ठेवून पाहावे. अमेरिकेत गेलेल्या पूर्व युरोपीय यहुद्यांनी बेगल, पास्त्रामी आणि डेलीची दुकाने उभी केली, आणि तेथे त्या अन्नाने एका मोठ्या देशातील एका समाजाची ओळख सांगितली. मॅक्सवेल हाउस कॉफी पेसाहला चालते, असा निर्वाळा १९२३ साली मिळाला आणि १९३२ पासून ती कंपनी सणाच्या विधीची पोथी, म्हणजे हग्गादा, गिऱ्हाइकांना फुकट वाटू लागली. अमेरिकी बाजारपेठेत यहुदी म्हणून सामावले जाणे म्हणजे काय, ते या एका उदाहरणावरून कळते. पॅलेस्टाईनमध्ये त्याच काळात अगदी उलटा प्रयत्न चालू होता : युरोपातले अन्न हे परवशतेचे अन्न, ते मागे टाकून नव्या भूमीचे अन्न खाणारा नवा माणूस घडवायचा. दोन्हीकडची माणसे बहुधा एकाच गावच्या आजीच्या हातचे खाऊन वाढलेली होती.

एक पदार्थ निवडावा आणि त्याचाच पाठपुरावा करावा

'यहुदी खाद्यसंस्कृती' हा विषय घेऊन बसल्यास चार महिन्यांनी हाती फक्त पाककृतींची यादी राहते. म्हणून एकच पदार्थ निवडावा. त्याच्यावर सरकार, संस्था, कंपनी किंवा सण यांपैकी निदान एकाची छाप असावी आणि त्याच्याविषयी कोणी ना कोणी भांडत असावे. फलाफल, पतितिम, जाफा संत्रे, हनुक्काची सुफगानिया, मोरोक्कोची मुफलेता आणि आपल्या कोकणातला मलिदा हे सहाही या कसोटीला उतरतात.

पदार्थ ठरला की पहिल्यांदा त्यातील मुख्य जिन्नस कोठला, हे पाहावे. इस्रायलमध्ये जन्मलेल्या यहुद्याला 'साब्रा' म्हणतात. साब्रा म्हणजे फड्या निवडुंगाचे फळ, बाहेरून काटेरी आणि आतून गोड. भूमिपुत्राचे प्रतीक म्हणून निवडलेली ही वनस्पती मुळात अमेरिका खंडातली आहे. शिवाय पॅलेस्टिनी अरबांच्या गावांना याच निवडुंगाची कुंपणे असत. १९४८ मध्ये, इस्रायलच्या स्थापनेवेळच्या युद्धात, ओस पडलेल्या कित्येक गावांच्या जागी आज तेवढी कुंपणेच उगवलेली दिसतात, आणि अरबीत 'सब्र' या शब्दाचा दुसरा अर्थ धीर असा असल्याने त्यांच्यासाठीही ते प्रतीक झाले आहे. तोरातील 'अनुवाद' नावाच्या ग्रंथाच्या आठव्या अध्यायात वचनदत्त भूमीची सात पिके सांगितली आहेत : गहू, सातू, द्राक्षे, अंजीर, डाळिंब, जैतून आणि मध, ज्याचा अर्थ परंपरेने खजुराचा मध असा घेतला जातो. आपल्या पदार्थातील जिन्नस या यादीत आहे का, हे पाहण्यासारखे असते. असल्यास राष्ट्रवादी लेखनात आणि जाहिरातीत त्याला प्राचीनतेचा मान चटकन मिळतो, नसल्यास ती प्राचीनता वेगळ्या वाटेने आणावी लागते.

संत्रे त्या यादीत नाही. जाफाची जाड सालीची शामूती जात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथल्या अरब बागायतदारांनी वाढवली आणि टिकाऊ सालीमुळे ती बोटीने युरोपात पोहोचली. १९४८ पूर्वी संत्र्याच्या बागा अरब आणि यहुदी अशा दोघांच्याही होत्या. युद्धानंतर बहुतेक अरब बागायतदार निर्वासित झाले आणि 'जाफा' हे नाव इस्रायली निर्यातीचे बोधचिन्ह बनले. एका फळाच्या पेटीवरील छाप पाहताना या तीनही अवस्था मनात ठेवल्या, तरच ती छाप काय सांगते आणि काय सांगत नाही, हे उमगते.

नाव कोणी ठेवले, हेही त्याच वेळी नोंदवून घ्यावे. काकडी आणि टोमॅटो बारीक चिरून त्यावर लिंबू व जैतुनाचे तेल घातलेली कोशिंबीर जगभर 'इस्रायली सॅलड' म्हणून ओळखली जाते. खुद्द इस्रायलमध्ये तिला कित्येक जण 'अरबी सॅलड' किंवा नुसते 'भाज्यांचे सॅलड' म्हणत आले आहेत. राष्ट्राचे नाव पदार्थाला बहुधा परदेशात लागते, कारण तेथे त्याला इतरांपासून वेगळे दाखवण्याची गरज असते.

सांगणारा शोधावा

हा या पद्धतीचा गाभा आहे आणि येथे सर्वांत जास्त वेळ द्यावा.

ब्रिटिश अमलाखालील पॅलेस्टाईनमध्ये १९२० आणि १९३० च्या दशकांत 'तोत्सेरेत हाआरेत्स', म्हणजे 'देशात पिकलेले', या नावाची चळवळ जोरात होती. यहुदी शेतावरचा माल घ्या, स्वस्त असला तरी अरबांचा किंवा आयात माल घेऊ नका, असे गृहिणींना सांगितले जाई. आपल्याकडील स्वदेशीच्या चळवळीशी तिचे साम्य मराठी वाचकाला लगेच जाणवेल, परंतु एक मोठा फरक विसरू नये : येथे बहिष्कार दूरच्या साम्राज्याच्या गिरणीमालावर होता, तेथे तो शेजारच्या गावातल्या शेतकऱ्याच्या भाजीवरही होता. सहकारी दूधसंस्था तनुव्हा १९२६ साली स्थापन झाली आणि दूध, दही, ताजे चीज हे नव्या आहाराचे केंद्र बनले. किबुत्झच्या, म्हणजे सामूहिक शेतीच्या वसाहतीच्या, सामुदायिक भोजनगृहात पहाटे शेतावर काम करून आलेल्यांना जी न्याहारी मिळे, त्यात अंडी, चीज आणि कच्च्या भाज्यांचे सॅलड असे. पुढे तीच 'इस्रायली न्याहारी' म्हणून हॉटेलांच्या जाहिरातींत आली. मांस आणि दूध एकत्र येऊ नये, या नियमामुळे ती पूर्णतः दुधाची राहिली. धर्माचा थर आणि राष्ट्राचा थर एका टेबलावर कसे जुळतात, त्याचा हा चांगला नमुना आहे.

विझो या यहुदी महिला संघटनेचे काम यापेक्षाही थेट होते. जर्मनीहून आलेल्या गृहशास्त्रज्ञ डॉ. एर्ना मायर यांचे पाकपुस्तक या संघटनेने १९३६ च्या सुमारास प्रसिद्ध केले. युरोपातील जड, मांसप्रधान स्वयंपाकाची सवय सोडा, येथल्या उन्हाला मानवणाऱ्या भाज्या, फळे आणि जैतुनाचे तेल वापरा, असा त्याचा सूर होता. असे पुस्तक अभ्यासताना पाककृतींआधी प्रस्तावना वाचावी. ती कोणाला उद्देशून आहे, कोणत्या सवयीला दोष देते आणि 'आपण' हा शब्द कोणासाठी वापरते, हे अधोरेखित करावे. पाककृतीत माप असते. हेतू प्रस्तावनेत सापडतो.

हनुक्काच्या सणात तेलात तळलेले काहीतरी खाण्याची रीत आहे. पूर्व युरोपीय घरांत त्यासाठी बटाट्याचे लाटके करीत. सुफगानिया, म्हणजे आत जॅम भरलेला तळलेला गोड गोळा, घरी करायला किचकट आणि बेकरीतून आणायला सोपा. हिस्ताद्रूत या कामगार महासंघाने १९२० च्या दशकापासून त्याचा पुरस्कार केला, कारण सणाच्या दिवसांत यहुदी बेकरी कामगारांना त्यातून काम मिळणार होते. आज इस्रायलमध्ये हनुक्का म्हणजे सुफगानिया, असेच समीकरण आहे. सणातला एक पदार्थ रोजगाराच्या हिशेबाने बदलला आणि दोन पिढ्यांत तो परंपरा म्हणून स्वीकारला गेला, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

सरकार स्वतः स्वयंपाकघरात उतरले ते १९४९ मध्ये. मे १९४८ मध्ये नव्या राज्यात सुमारे साडेसहा लाख यहुदी होते आणि १९५१ अखेरपर्यंत जवळजवळ तेवढेच नवे लोक येऊन दाखल झाले : युरोपातील छळछावण्यांतून वाचलेले, येमेनहून विमानांनी आणलेले, इराकहून नागरिकत्व सोडून आलेले. परकीय चलन नव्हते. एप्रिल १९४९ मध्ये 'त्सेना', म्हणजे काटकसरीची राजवट, सुरू झाली आणि डोव्ह योसेफ हे शिधा व पुरवठा मंत्री झाले. प्रत्येक कुटुंबाचे नाव एका ठरावीक दुकानात नोंदलेले असे. अंडी, साखर, मांस, तेल सारे कूपनवर मिळे. अंड्यांची भुकटी, गोठवलेले मासे आणि मार्गारिन यांवर दिवस काढावे लागत. युरोपीय यहुद्यांच्या सणाच्या ताटातील कापलेल्या कलेजीची चव वांग्यातून आणण्याची युक्ती या काळात घरोघर पसरली आणि 'कलेजीच्या चवीचे वांगे' आजही तेथील दुकानांत डब्यात मिळते. १९५२ नंतर निर्बंध सैल होत गेले, औपचारिक शेवट १९५९ मध्ये झाला.

पतितिमचा जन्म याच टंचाईतला. अरब देशांतून आलेल्यांना भात हवा होता आणि तांदूळ मिळत नव्हता. पंतप्रधान डेव्हिड बेन-गुरियन यांच्या सांगण्यावरून ओसेम कंपनीच्या ऑयगेन प्रॉपर यांनी १९५३ साली गव्हाच्या पिठाचे, तांदळाच्या दाण्याच्या आकाराचे, भट्टीत भाजलेले दाणे तयार केले. लोकांनी त्यांना 'बेन-गुरियनचा तांदूळ' असे नाव दिले. पुढे गोल दाणे आले, मुलांच्या जेवणात ते रुळले, आणि काही दशकांनी अमेरिकेतील उपाहारगृहांत तेच 'इस्रायली कुसकुस' या नावाने महागड्या माशाबरोबर वाढले जाऊ लागले. वर सुचवलेल्या प्रश्नाची सगळी उत्तरे या एका पदार्थात मिळतात : सांगणारा पंतप्रधान, बनवणारी कंपनी, खाणारे भाताची सवय असलेले स्थलांतरित, कारण परकीय चलनाची टंचाई आणि नाव ठेवणारे परदेशी स्वयंपाकी. प्रथमच अभ्यास करणाऱ्याने पतितिमपासून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

सांगणाऱ्यांच्या यादीत कायदाही येतो. १९४७ साली बेन-गुरियन यांनी धर्मनिष्ठ पक्षाला दिलेल्या पत्रात भावी राज्यातील सरकारी भटारखाने कोशेर राहतील, असे आश्वासन होते, आणि त्यामुळे सैन्यात भरती होणारा प्रत्येक तरुण, तो धर्म पाळो वा न पाळो, कोशेर जेवण जेवतो. १९६२ च्या कायद्याने ख्रिस्ती वस्तीचे काही भाग वगळता देशात डुकरे पाळण्यास बंदी आली; १९८६ च्या कायद्याने पेसाहच्या दिवसांत खमीरयुक्त माल विक्रीस मांडण्यावर मर्यादा आली. धार्मिक नियम येथे राज्याचा नियम बनतो, म्हणून कायद्यांची भाषा आणि त्यांच्यावरील संसदेतील चर्चा मिळतील तेथून वाचाव्यात.

तरीही सांगणारा नेहमी सापडेलच, असे समजू नये. स्वातंत्र्यदिनी इस्रायलमधली कुटुंबे बागांमध्ये निखाऱ्यांवर मांस भाजतात आणि हा त्या दिवसाचा जणू विधीच झाला आहे, पण तो कोणत्याही समितीने ठरवला नव्हता. अशी उदाहरणे वगळू नयेत.

वादाच्या पदार्थाला हात घालताना

फलाफल हा मूळचा इजिप्तमधील वाटलेल्या बाकल्याचा पदार्थ. पॅलेस्टाईन, सीरिया, लेबनॉन या पट्ट्यात तो काबुली हरभऱ्याचा होतो. तेथील अरबांच्या रोजच्या खाण्यातून तो यहुदी तरुणांनी उचलला, येमेनहून आलेल्या विक्रेत्यांनी त्यात आपली तिखट हिरवी चटणी घालून गाड्या लावल्या, आणि टंचाईच्या काळात स्वस्त प्रथिन म्हणून त्याला मान मिळाला. पुढे पिता पावात खोचलेल्या छोट्या निळ्या-पांढऱ्या झेंड्यासह तो चित्रांच्या पोस्टकार्डांवर छापला गेला. पॅलेस्टिनी माणसाला त्या चित्रात आपल्या घरचे अन्न दुसऱ्याच्या झेंड्याखाली दिसते, आणि ते दुःख अभ्यासकाने आपल्या लेखनात पूर्ण शब्दांत लिहावे. येमेनी विक्रेत्याचे कष्टही तितक्याच पूर्ण शब्दांत लिहावेत. एक लिहिल्याने दुसरे खोटे ठरत नाही.

वादातील आकडे पाहताना आकड्यामागचा अर्थ शोधावा. जानेवारी २०१० मध्ये जेरुसलेमजवळच्या अबू घोश या अरब गावात चार टनांहून अधिक हुम्मुस, म्हणजे वाटलेल्या काबुली हरभऱ्याची चटणी, एका तबकात मांडून जागतिक विक्रम करण्यात आला. त्याच वर्षी मे महिन्यात लेबनॉनने १०,४५२ किलोचा विक्रम केला. हा आकडा स्वयंपाकाच्या सोयीने निवडलेला नव्हता. लेबनॉनचे क्षेत्रफळ १०,४५२ चौरस किलोमीटर धरले जाते. अबू घोशचे लोक इस्रायलचे नागरिक आणि अरब आहेत, त्यामुळे तेथला विक्रम कोणत्या राष्ट्राच्या नावावर मांडायचा, हा प्रश्न वरवर वाटतो तितका सोपा राहत नाही. दुसरे उदाहरण झातारचे. डोंगरात उगवणारी ही सुगंधी वनस्पती इस्रायलने १९७७ मध्ये संरक्षित जाहीर केली आणि ती तोडणाऱ्यांवर कारवाई होऊ लागली. पिढ्यान्‌पिढ्या ती वेचून आणणाऱ्या अरब कुटुंबांसाठी रोजच्या भाकरीवरचा मसाला गुन्हा ठरला. निसर्गरक्षण आणि ओळख यांचा संघर्ष येथे खरा आहे. तो एका वाक्यात निकालात काढू नये.

घरातून राष्ट्राकडे जाणारी उलटी वाट

वरून सांगितलेले अन्न आपण पाहिले. खालून वर आलेलेही पाहावे. १९५० च्या दशकात स्थलांतरितांच्या तात्पुरत्या वसाहतींमध्ये प्रशिक्षिका जात आणि मोरोक्को, इराक, येमेनच्या स्त्रियांना 'योग्य' आहार शिकवीत. त्या योग्य आहारात तिखट, मसाले, हाताने वळलेला कुसकुस यांना फारशी जागा नव्हती. विखुरलेल्या समाजांचे एकजीवीकरण हे धोरण होते आणि त्याचा मासला युरोपीय होता. मोरोक्कोच्या यहुद्यांनी मात्र पेसाह संपल्याच्या रात्रीची आपली मिमूना सोडली नाही. त्या रात्री दार उघडे ठेवून शेजाऱ्यांना मध-लोण्यात बुडवलेल्या पातळ पोळ्या, म्हणजे मुफलेता, खाऊ घालतात. १९६६ साली बेन शेमेनच्या वनात काही कुटुंबांनी ती जाहीरपणे साजरी केली. पुढे जेरुसलेमच्या बागेत हजारोंचे मेळावे होऊ लागले, आणि आज तेथील राजकीय पुढारी त्या रात्री मुफलेता खाताना छायाचित्रे काढून घेतात. ज्या अन्नाला सुधारायला प्रशिक्षिका पाठवल्या होत्या, ते अन्न आता राष्ट्राच्या दिनदर्शिकेत आहे. असा पदार्थ निवडल्यास प्रश्न उलटा करावा : हे अन्न ठेवा, असे कोणी कोणाला ऐकायला भाग पाडले?

मराठी वाचकाचा स्वतःचा नमुना : बेने इस्रायल

या अभ्यासासाठी मराठी माणसाला एक दुर्मीळ सोय आहे आणि ती वाया घालवू नये. कोकणातील बेने इस्रायल समाज शतकानुशतके मराठी बोलत आला. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून वाचलेल्यांचे आपण वंशज, ही त्यांची परंपरा. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे, म्हणून गावकऱ्यांनी त्यांना 'शनिवार तेली' म्हटले. पेणकर, रोहेकर, केहिमकर, नवगावकर ही त्यांची आडनावे म्हणजे गावेच आहेत. एखादी पाककृती कोणत्या तालुक्यातली, हे विचारण्याआधीच आडनावावरून अंदाज येतो.

समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी नोंदवलेली सणांची जुनी नावे येथे फार मोलाची आहेत. नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण, शिळा सण, बिरड्याचा सण. जेरुसलेमचे मंदिर पडल्याच्या शोकदिवसाला या लोकांनी बिरड्याचा सण म्हटले, कारण त्या दिवशी सोललेल्या वालांचे बिरडे होई. हिब्रू नावे आणि पोथ्या हाती नसतानाच्या काळात सणाची आठवण पदार्थाच्या नावावर तरली, असे माझे वाचन आहे. मांस आणि दूध वेगळे ठेवण्याचा नियम कोकणात नारळाने सोपा केला : मांसाच्या रश्श्यात नारळाचा रस, आणि सणाच्या हलव्यातही गव्हाच्या चिकाला नारळाचेच दूध, म्हणजे मांसाहारी जेवणानंतरही तो चालतो. द्राक्षारस दुर्मीळ होता, तेव्हा मनुका भिजवून केलेल्या सरबतावर किद्दूश, म्हणजे शब्बाथ व सणाची द्राक्षारसावरची प्रार्थना, म्हटले गेले.

मलिदा हा यातला सर्वांत बोलका पदार्थ. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर किंवा गूळ, वेलची, सुका मेवा, आणि भोवती मांडलेली फळे, असे ताट एलियाहू हनाबी, म्हणजे एलिया संदेष्टा, यांच्या नावाने ठेवून प्रार्थना म्हणतात. नवस फेडताना, लग्नापूर्वी, नव्या घरात, आजारातून उठल्यावर मलिदा होतो. अलिबागजवळच्या खंडाळा येथे एलिया प्रकटले, तेथील खडकावर त्यांच्या रथाची खूण आहे, ही श्रद्धा आहे. जगातील अन्य यहुदी समाजांत पोह्यांचे हे ताट नाही.

इस्रायलला गेल्यावर या ताटाचा अर्थ बदलला. तेथे पोहोचलेल्या बेने इस्रायलांना आपण यहुदी आहोत, हे सिद्ध करावे लागले. बीरशेबा भागात राहणाऱ्यांच्या १९५१-५२ च्या तक्रारींत, पांढरा पाव गोऱ्यांसाठी आणि काळा पाव आमच्यासाठी, अशी वागणूक मिळाल्याची तक्रारही होती. त्यांतील काहींनी परत भारतात पाठवण्याची मागणी करून धरणे धरले. पुढे धर्मपीठाने त्यांच्या विवाहांवर अटी घातल्या, समाज रस्त्यावर उतरला आणि १९६४ मध्ये संसदेने ते सर्व बाबतींत पूर्ण यहुदी असल्याचा ठराव केला. कोकणात मलिदा त्यांना हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांपासून यहुदी म्हणून वेगळे दाखवी; लोद, रामला, दिमोना, अश्दोद या इस्रायली शहरांत तोच मलिदा इतर यहुद्यांपासून त्यांना मराठी म्हणून वेगळे दाखवू लागला. ताटात जिन्नस तेच होते.

प्रत्यक्ष माहिती गोळा करायची असल्यास घरातील वयाने मोठ्या बाईंना आधी भेटावे आणि परवानगी घेऊनच ध्वनिमुद्रण करावे. शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ या वेळेत फोन किंवा भेट टाळावी. जाताना घरी केलेला पदार्थ नेऊ नये. अख्खी फळे न्यावीत, म्हणजे यजमानांना कोशेरविषयी संकोच पडत नाही. 'तुमचे पारंपरिक जेवण कोणते' असे विचारल्यास सणाचे ठरीव उत्तर मिळते. त्यापेक्षा पाहुणा यहुदी नसला तर काय करता, लग्नाच्या जेवणात आजीच्या वेळेपेक्षा काय कमी झाले, पोहे आणि कोकम तिकडे कोण पाठवते, सुनेच्या माहेरी कोणता हमिन, म्हणजे शब्बाथसाठी रात्रभर शिजणारा पदार्थ, होतो आणि शनिवारी दोन्हींपैकी कोणता शिजतो, असे विचारावे. पाककृती ऐकण्यापेक्षा करताना पाहावी. हात थांबतो तेथे प्रश्न विचारावा, कारण तेथेच बहुधा एखादा जिन्नस बदललेला असतो.

प्रत्येक भेटीनंतर त्याच दिवशी टिपण पूर्ण करावे. पदार्थाचे नाव सांगणाऱ्या व्यक्तीने ज्या उच्चाराने घेतले, त्याच उच्चाराने देवनागरीत लिहावे. छापील पुस्तकातले रूप वेगळे असल्यास ते समासात घालावे, मूळ नोंद खोडू नये.